आजाने चोपलेलं पटांगण

त्या पटांगणाला लोक ऐतिहासिक म्हणत. कुणी सांगायचं, आरमाराची गलबतं बंदरात लागली की गडी तिथे हुतुतू खेळायला उतरायचे. कुणी म्हणे, त्याच्याही आधीपासूनचं आहे. खरंखोटं देव जाणे. मला एवढंच ठाऊक की तीन बाजूंना ज्या जांभ्याच्या पायऱ्यांवर बसून अख्खा गाव सामना बघायचा, त्यांचे चिरे आमच्या माणसांनी काढलेले होते आणि मधली जमीन दर वर्षी माझा आजा करायचा. आजा म्हणजे माझ्या आईचा बाप. गावाचं नाव सांगत नाही. पावसच्या पुढे, समुद्राकाठी आहे. माझी माणसं अजून तिथे राहतात, उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?

आम्ही जातीने महार. वाडी गावाबाहेर, तीही खोताच्या जमिनीत. शिमगा सरला की खोताचं बोलावणं यायचं आणि आजा पटांगणाच्या कामाला लागायचा. वारुळाची माती आणायची, चाळायची, पाणी मारून पसरायची आणि चोपण्याने चोपत न्यायची. चोपणं म्हणजे मूठ असलेली जाड फळी, अंगण चोपतात ना, तीच. लहानपणी आजोळी गेलो की मीही त्याच्या शेजारी उकिडवा बसून चोपायचो. गडी आपटला तरी ढोपर फुटायचं नाही, अशी जमीन करायचा म्हातारा. काम झालं की भटजी येऊन गोमूत्र शिंपडायचे, आणि तिथून पुढे आमचा पाय त्या जमिनीला लागायचा नाही. सामन्याच्या दिवशी आम्ही चौथ्या बाजूला, लांबवर, उंडीच्या झाडाखाली उभे राहायचो. खेळ दिसायचा, गड्यांचे चेहरे काही ओळखू यायचे नाहीत.

हुतुतू मला आजानेच शिकवला, आमच्या खळ्यात. तो खाली बसायचा आणि माझा घोटा धरायचा. "सूट बघू." मी लाथा झाडायचो, रडायचो, एकदा तर त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. म्हाताऱ्याने सोडलं नाही. वर हसून म्हणाला, "बाला, कुणी धरल्याबिगर कसला हुतुतू? नुसतं पळायचं तर कुत्रंपण पळतंय." मग घोटा सोडवायचे डाव दाखवायचा. तो स्वतः त्या पटांगणावर कधी खेळला नव्हता. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती.

बापूस रत्नागिरीला बंदरावर हमाली करायचा, म्हणून मी शाळेत गेलो. ते दिवस सुधारणेचे होते. रत्नागिरीत सभा व्हायच्या, भाषणं व्हायची, आणि आधी व्हरांड्यात बसणारी आम्ही पोरं वर्गातल्या बाकावर जाऊन बसलो होतो. तिथेच मला दोस्त मिळाले. एक वकिलाचा मुलगा, आमचा कप्तान. मनाने सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप नाही. दुसरा खाडीकाठच्या राजिवड्याचा मुसलमान, त्याच्या बापाचा मासेमारीचा मचवा होता. हा दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप. बाकीचे गडी इकडचे तिकडचे. पेठेच्या मैदानावर आम्ही संध्याकाळी खेळायचो, आणि खोटं कशाला सांगू, त्या सगळ्यांत माझ्याएवढा चपळ कुणी नव्हता.

मॅट्रिकच्या अलीकडचं वर्ष असेल. कप्तान धावत आला, "अरे, त्या जुन्या पटांगणावर चैत्रातल्या सामन्याला आपल्याला बोलावलंय! सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मचवा आहेच आपला." सगळे नाचायला लागले. ते माझं आजोळ, हे त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आता या वयात सांगताना लाज वाटावी, इतकं. त्या जमिनीवर उतरायचं, उंडीखाली आजा उभा असणार, त्याच्या डोळ्यांदेखत. चारचौघांनी मला धरावं, मी सुटावं नाहीतर बाद व्हावं, जे काय होईल ते व्हावं. पण मी कोण ते कळलं, तर खोत आजाला झोपडीत ठेवील का? बरीच वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो, मिसरूड फुटलं होतं. गावातलं कुणी ओळखणार नाही, असा हिशेब केला. आजाचं मी एकट्या मचव्यावाल्या दोस्ताला सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हातारबाबाला ठाऊक आहे, तू येतोयस ते?" मी मान डोलावली. आईकडून निरोप गेला होता. कप्तानाला मात्र नुसतं बजावलं, "माझी जात तिथे काढू नकोस." तो म्हणाला, "बरं बाबा, बरं."

पहाटेच राजिवड्याहून निघालो. वारा चांगला होता. मी भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. कप्तानाने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "द्या ती इकडे! मी याच्या घरची भाकरी खाणार!" अरे खा ना मेल्या, दवंडी कशाला पिटतोस? सगळे हसले, मीही हसलो. पण त्या क्षणी मला वाटलं, हा आज काहीतरी करून ठेवणार.

आणि केलंच त्याने.

पटांगणावर पोचलो तेव्हा पायऱ्या भरल्या होत्या. वरच्या पायरीवर गालिचा टाकून खोत बसला होता आणि त्याच्या बाजूला खुर्चीवर तालुक्याचा साहेब. जमीन लाल, गुळगुळीत. कुठला कोपरा आजाने शेवटी चोपला असेल, तेसुद्धा मला कळत होतं. मी उंडीकडे पाहिलं. आमची माणसं उभी होती. पुढे एक वाकलेला म्हातारा, डोक्याला पांढरं फडकं. माझा आजा.

सामन्याआधी कप्तानाला दोन शब्द बोलायला सांगितलं. झालं! त्याला तेवढंच हवं होतं. पटांगणाची थोरवी गायला, यजमानांचे आभार मानले आणि मग माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "आणि मंडळी, हा आमचा सगळ्यात तयार गडी. हा महार आहे. आम्ही एका बाकावर बसतो, एका पानात जेवतो. आज या पवित्र भूमीवर हाही खेळेल, हीच आमच्या रत्नागिरीची शिकवण!"

आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय? पायऱ्यांवरची माणसं खोताच्या तोंडाकडे बघायला लागली. साहेबाने मात्र हसून टाळ्या वाजवल्या. आता साहेबाने टाळ्या वाजवल्यावर खोत नाही कसा म्हणणार? तोही हसला. मग त्याने आपल्या गड्यांना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला लवकरच कळलं.

माझी पाळी आली. मी मधली रेघ ओलांडली, "हुतुतू हुतुतू" सुरू केलं आणि डावीकडच्या गड्यावर झडप घातली. माझा हात पोचायच्या आधीच तो मागच्या रेघेपलीकडे निघून गेला. आपल्या पायांनी. रेघेबाहेर गेला म्हणजे बाद. मी दुसऱ्याकडे वळलो, तोही बाहेर. तिसरा तर हाताची घडी घालून गेला, त्याच्या मागोमाग चौथा. परत आलो तेव्हा आमचे गडी उड्या मारत होते. "अरे, वाघ आहेस! एका दमात चार!"

पुढच्या पाळीला मी रेघ ओलांडली आणि उरलेले सगळे एका ओळीने बाहेर चालते झाले, देवळातून दर्शन घेऊन निघावेत तसे. अख्खा संघ बाद झाला की लोण म्हणतात. पंचाने शिट्टी मारली, "लोण!" पायऱ्यांवर हशा पिकला. आमच्या बाजूला त्यांचा गडी आला की मी असेन त्या अंगाला फिरकायचासुद्धा नाही. बाकीच्यांशी मात्र धरपकड जोरात चालली होती. मांड्यांना मिठ्या पडत होत्या, गडी आपटत होते, धुळीत लोळत होते. माझ्या धोतराला मातीचा डाग नाही.

नवीन डाव सुरू झाला. कप्तान घामाने निथळत माझ्याजवळ आला. "आता तूच जात राहा. आपण जिंकलोच!" त्याचे डोळे आनंदाने चमकत होते. मला वाटलं, याच्या मुस्काटात भडकवावी. पण त्याला खरंच काही दिसत नव्हतं, गुण तेवढे दिसत होते. मचव्यावाला दोस्त म्हणाला, "तू बस. मी जातो." मी म्हटलं, "नको."

मी गेलो. ते पुन्हा मागे सरकायला लागले. मी त्यांच्या पटाच्या मधोमध गेलो, थांबलो आणि दम सोडून दिला. "हुतुतू" बंद. आमच्याकडचा नियम असा, की दम सुटलेल्या गड्याला समोरच्याने नुसतं बोट लावलं तरी तो बाद. मी हात खाली सोडून उभा राहिलो. घ्या, लावा बोट. एका बोटाचं काम. तेवढ्याने तुमचा गुण, तेवढ्याने माझा खेळ.

कुणी हललं नाही.

माझ्या अगदी समोर माझ्याच वयाचा एक पोरगा होता. त्याने हात थोडा उचललासुद्धा. मग त्याने खोताकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. पंचाने शिट्टी तोंडात धरली होती, फुंकत नव्हता. मागून आमचे ओरडत होते, "परत ये! अजून बाद नाहीस, पळ!" मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. एवढी माणसं भोवती आणि माझ्याजवळ कुणी येत नाही. मी न मेलेला, न जिवंत. इतकं एकटं मला पुढे बायको गेली तेव्हाही वाटलं नाही.

तेवढ्यात उंडीकडून कुणीतरी चालत येताना दिसलं.

पांढरं फडकं डोक्यावरून काढून खांद्यावर टाकलेलं. मागून वाडीतली माणसं दबक्या आवाजात हाका मारत होती. तो थांबला नाही. पटांगणाच्या कडेला आला, खाली वाकला, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत पाऊल टाकलं. इतकी वर्षं त्याने ती जमीन केली, पण तयार झाल्यावर तिच्यावर त्याचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. पायऱ्यांवर गलका उठला. खोत उभा राहिला. "अरे, ए म्हाताऱ्या!"

आजाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यापुढे आला, गुडघ्यांवर हात टेकत कण्हत खाली बसला आणि दोन्ही हातांनी माझा घोटा धरला.

"धरला," तो म्हणाला. मग पंचाकडे मान वळवून, चांगला खणखणीत, "धरलाय मी! गडी बाद!"

मी खाली वाकून म्हटलं, "आजा, सोड. ते तुला घराबाहेर काढतील."

"सूट बघू," तो म्हणाला.

मी पाय ओढला. खरंच ओढला, सगळा जोर लावून, लहानपणी ओढायचो तसा. म्हाताऱ्याने सोडला नाही. मी त्याच्या अंगावर कोसळलो, दोघे मातीत पडलो, आणि मग मात्र मी सगळ्या गावासमोर हंबरडा फोडला. आमच्या रेघेपाशी उभा राहून माझा मचव्यावाला दोस्त एकटाच ओरडत होता, "बाद! बाद! बाद!"

सामना तिथेच मोडला. साहेब घड्याळ बघत उठला. खोताने आम्हाला एक शब्द विचारला नाही. आजाला एवढंच म्हणाला की दिवस मावळायच्या आत वाडी सोड. आजा म्हणाला, "जी." झोपडीतून त्याने कांबळं घेतलं आणि चोपणं घेतलं. दोस्ताने मचवा वाडीच्या अंगाला आणून लावला, पाण्यात उतरला आणि म्हाताऱ्याला उचलून आत बसवलं. "म्हातारबाबा, इथे शिडाच्या सावलीत बसा."

परतीची वाट धरली. पावस मागे पडल्यावर कप्तान हळू आवाजात म्हणाला, "तसे गुणांवर आपणच जिंकलो होतो." नंतर त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं असावं, कारण तो खाली मान घालून बसला आणि डोळे पुसायला लागला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही. तो वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आजा आमच्याकडे रत्नागिरीला राहिला तो कायमचा. आपली वाडी त्याला पुन्हा दिसली नाही. आई रडायची, तेव्हा तिच्यावरच खेकसायचा. मला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाला, "डावा पाय सैल ठेवलास तू. मी सांगितलं होतं तुला."

घोट्यावर त्याच्या बोटांचे वळ उमटले होते. शाळेत जाताना मी धोतर जरा वर खोचून जायचो, ते दिसावेत म्हणून. मग ते निळे पडले, पिवळे पडले आणि एक दिवस निघून गेले. त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही.