टोपीसकट भेंडी

शहापूरला माझी बदली झाली तेव्हा मोबाइल अजून सगळ्यांच्या हातात आले नव्हते. हायवेपासून जरा आत, भाड्याच्या बंगल्यात आमची प्रयोगशाळा होती. परदेशी जाणाऱ्या भेंडीत फवारणीचं औषध किती उरलंय, ते मी तपासायची. मशीन चालवता येणारी मी एकटीच. राहायचीही एकटीच, बाजारपेठेमागच्या एका खोलीत. आई फोनवर विचारायची, "भाजी तपासतेस म्हणजे निवडतेस का?" मी हो म्हणून टाकायची.

गावांत मला औषधवाली बाई म्हणत. मुरबाडकडे किंवा शेणव्याला नमुना घ्यायला गेले की लोक अदबीनं बोलत, पण जवळ येत नसत. माझा अहवाल वाईट आला तर त्यांचा माल अडणार होता. ज्यांचा नमुना घ्यायचा, त्यांच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आमचा नियम होता. बाजारातली भाजीवाली विचारायची, "घरची भेंडी पण तपासून खाता का बाय?" आसपासच्या बायका हसायच्या. मी वांगी घेऊन निघायची.

एका हिवाळ्यात शेणव्याच्या एका जोडप्याची भेंडी मी पास केली आणि ती परदेशात नापास झाली. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला औषध मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. माल तिकडेच नष्ट केला. कळल्यावर ती शेतकरीण थेट माझ्या टेबलाशी आली.

"तुमी पास केला ना? मग तिकडं नापास कसा झाला?"

"मला नाही सांगता येणार."

"तुमाला नाय ठाव, तर कोनाला ठाव?"

रागापेक्षा तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य जास्त होतं. ती गेल्यावर मी मशीन पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. बिघाड काही नव्हता.

मग दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, की एकाच वाटलेल्या भेंडीचा लगदा दोन बाटल्यांत भरायचा आणि दोन्हीकडे तपासायचा. आकडे जवळजवळ सारखे आले. म्हणजे मशीन त्यांचंही बरोबर, माझंही. फरक भेंडी वाटण्याच्या आधीच कुठेतरी पडत होता.

तिकडची रसायनतज्ज्ञ माझ्याशी फोनवर बोलू लागली. आवाजावरून वयानं मोठी वाटे. इंग्रजी तिचीही भाषा नव्हती, त्यामुळे आम्ही दोघी सावकाश बोलायचो. द्रावण कोणतं, किती ढवळतेस, मशीन रुसलं तर काय करतेस. माझ्या कामाविषयी इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिचा फोन यायचा त्या दिवशी मी डबासुद्धा लवकर आटपून टेबलाशी बसायची.

एकदा ती म्हणाली, "पेटी उघडल्यापासून काय काय करतेस, सगळं सांग."

"भेंडी मोजून घेते. देठ आणि त्याखालची टोपी कापते. मग वाटते."

"टोपी का कापतेस?"

"टोपी खातं कोण?"

ती खळखळून हसली. तिनं आयुष्यात भेंडी शिजवली नव्हती. ती अख्खी भेंडी वाटत होती. फवारा टोपीच्या खाचेत साचतो, आणि नेमकी तीच मी फेकत होते, प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे आणि घरच्या सवयीप्रमाणेही. मीही हसले. त्या बंगल्यात मी इतक्या मोठ्यानं हसलेलं शिपायानं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पुढे दोन्ही देशांनी एकच पद्धत ठरवली: फक्त देठ काढायचा, टोपीसकट वाटायचं. तोडणीच्या किती आधी फवारणी थांबवायची, ते आम्ही गावोगाव सांगत फिरलो. माल जाऊ लागला. आकडे जुळू लागले, आणि तिचे फोन थांबले.

थोडे दिवस वाट पाहून मी साहेबांकडे परदेशी फोन लावायची परवानगी मागितली.

"काही फरक आलाय का?"

"नाही."

"मग कशाला?"

मी परत टेबलाशी जाऊन बसले.

त्याच आठवड्यात शेणव्याला नमुन्यासाठी गेले. त्या शेतकरणीची भेंडी आता जात होती. भाकऱ्या थापता थापता तिनं हाक मारली, "बाय, जेवून जा गो." इतक्या वर्षांत तिथं मला कुणी एकेरीत बोललं नव्हतं.

"नियमात बसत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मी नमुन्याच्या पिशवीला सील लावलं, ती मांडीवर घेतली आणि जीपमध्ये बसले. जीप गावाबाहेर पडेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.