उनं की उणं?

मी टेलला उभा होतो. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक, आणि चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे नेलेला लहान पाट. आमची चारी धानोऱ्याच्या पुढे संपते. वरच्या अंगाला केळी, पपई. टेलला नुसता हरभरा आणि मिरची. वरचे लोक टेलला मुलगी द्यायची म्हटलं की दहादा विचार करायचे.

त्या हिवाळ्यात चारी दुरुस्त झाली आणि कित्येक वर्षांनी टेलला पाणी पोचलं. मी कालवा निरीक्षक. पाण्याबरोबर चालत आलो होतो. टेलचे शेतकरी धुडकू आप्पा, त्यांना तर काय करू नि काय नको झालं. मला न विचारता त्यांनी थेट साहेबांना फोन लावला, "साहेब, पाणी उनं! उनं!" आणि ठेवलाही.

साहेब नवीन, साताऱ्याकडचे, वर कालव्याच्या गेटवर बसलेले. आमच्या अहिराणीत 'उनं' म्हणजे आलं. साहेबांनी ऐकलं 'उणं', म्हणजे कमी. त्यांनी गेट आणखी उचललं. आता बोला!

थोड्या वेळात चारी काठोकाठ भरली. काठालाच आप्पांच्या शेजारच्या हिराबाईंची पथारी होती. वर्षाची सगळी मिरची तिथे वाळत पडलेली. मी फोन केला.

"साहेब, गेट पाडा. पाणी बाहेर येतंय."

"अहो, आत्ताच तर कमी म्हणाले ना?"

"उनं म्हणजे आलं, साहेब."

गेट पडलं. पण निघालेलं पाणी थोडंच माघारी जातं? आम्ही घमेल्यांनी मिरची उचलू लागलो, पण उरकेना. तेवढ्यात आप्पांनी फावडं घेतलं आणि चारीचा काठ आपल्याच हरभऱ्याकडे फोडला. हरभरा फुलावर होता, त्याला एवढं पाणी सोसत नाही.

"आप्पा, तुमना हरभरा!" हिराबाई म्हणाल्या.

"जाऊ दे, बाई. तू मिरची उचल."

मिरची वाचली. आप्पांचा निम्मा हरभरा पिवळा पडला. साहेब स्वतः येऊन आप्पांच्या बांधावर उभे राहिले, माफी मागितली. आप्पांनी त्यांना चहा पाजला.

गेटला हात लावण्याआधी शब्द नीट ऐकावा, एवढं साहेब आणि मी दोघंही शिकलो. पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला आप्पांचा फोन आला तेव्हा मी साहेबांशेजारीच होतो.

"आप्पा, उनं का?" साहेबांनी विचारलं.

तिकडून अगदी शाळेतली मराठी आली, "होय साहेब. पाणी आलेले आहे."

साहेबांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आलंच ना?"