अभय आहे का?

अभयला जाऊन सहा आठवडे झाले. त्या सकाळी माझ्या भावजयीचा, रूपालीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी मेथी निवडत होते. "ताई, अभय वर्कशॉपमध्ये पडलाय, तुम्ही या," एवढंच बोलली. मी रिक्षाने पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा माझा धाकटा भाऊ... डॉक्टर काहीतरी समजावत होते आणि माझ्या डोक्यात एकच, या गाढवाला किती वेळा सांगितलं, छातीत जळजळतं म्हणतोस तर एकदा दाखवून ये! बरोबर एक वाजता, रूपाली कागदांवर सह्या करत असताना, माझा फोन वाजला. मेसेज होता, "अभय आहे का?" मी लिहिलं, "आहे."

हे कोण विचारत होतं ते सांगायला हवं. अभयचं साकीनाक्याला छोटं वर्कशॉप. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचे कंट्रोल पॅनल तो बनवायचा. कामगाराचे दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच प्रेस खाली येणार, एक जरी सुटला तरी जागच्या जागी थांबणार. शिकाऊ असताना शेजारच्या माणसाची बोटं गेलेली त्याने पाहिली होती. "माणूस जागेवर नसेल तर मशीन थांबलं पाहिजे," हे तो जेवतानासुद्धा ऐकवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याला क्रिप्टोचं वेड लागलं. मी भरपूर झापलं, "यासाठी शिकवलं का रे आईने तुला?" तर हा हसतोय. म्हणाला, "ताई, लोक घेतात, मी आधी विकतो. समज, सीझनच्या सुरुवातीला आंब्याची पेटी उसनी घेतली, चढ्या भावात विकून टाकली. भाव उतरला की बाजारातून पेटी घ्यायची आणि ज्याची त्याला परत. मधला फरक आपला." आंब्याच्या जागी कॉइन, एवढंच. जे कॉइन उगाच फुगलंय ते हेरून विकायचं काम करायला त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता, बॉट म्हणायचा त्याला. मी विचारलं, "आणि भाव उतरलाच नाही तर?" "तर वाट लागली. वर जायला काही मर्यादाच नसते ना! म्हणून तर तू पाहिजेस."

माझं काम असं, की अभयने रोज दुपारी एकच्या आत फोनवर एक बटण दाबायचं. नाही दाबलं तर बॉट मला विचारणार, अभय आहे का? मी 'आहे' लिहिलं की काम चालू. 'नाही' लिहिलं, किंवा तासभर उत्तरच दिलं नाही, तर सगळे सौदे मिटवून बॉट कायमचा बंद. अभय बटण दाबायला हटकून विसरायचा. मग मी फोन लावायचे. "जिवंत आहेस ना रे?" "आहे गं बाई, जेवतोय." "भाजी काय?" असं करत दहा मिनिटं सहज जायची. पुढे पुढे मला संशय यायला लागला, हा मुद्दाम विसरतो. विचारलं तर म्हणाला, "एरवी तू फोन कुठे करतेस?"

तर त्या दिवशी मी 'आहे' लिहिलं ते सवयीने. देवाशप्पथ सवयीने. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? सुतकात त्याच्या कांजूरमार्गच्या घरी मी राहत होते. बाहेर दिव्याशेजारी लोक येऊन बसायचे, "वाईट झालं हो" म्हणायचे आणि मी मान हलवायचे. एक वाजला की फोन घेऊन स्वयंपाकघरात जायचे. अख्ख्या जगात हा बॉट एकटाच असा होता, ज्याला अजून काही कळलं नव्हतं. त्याला मी कसं सांगू? बोटच उठेना. आणि त्याच दिवसांत बॉटने विकलेलं एक कॉइन खाली यायचं सोडून वर वर चाललं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मेसेजखाली रोज तोट्याचा आकडा येत होता. मी तो वाचत नव्हते.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूपालीला सगळं सांगितलं. तिने फोन ओढूनच घेतला. "ताई, मुलीच्या कॉलेजचे पैसे होते हे! निम्म्याहून जास्त गेले. कळतंय का तुम्हाला, काय केलंत?" अभयने जन्मभर जो एक नियम जपला, तोच मी मोडला होता. ती माझी उत्तरं खालपासून वरपर्यंत वाचत गेली. आहे. आहे. आहे... मग फोन खाली ठेवला आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली. "मला विचारलं असतं ना त्या बॉटने," म्हणाली, "तर मीसुद्धा हेच लिहिलं असतं."

अभयच्या मुलीच्या कॉलेजचं मी माझ्या पेन्शनमधून बघेन, ते माझ्याकडे लागलं.

त्या दुपारी एक वाजता पुन्हा मेसेज आला. 'नाही' लिहिलं असतं तर त्याच मिनिटाला बंद झालं असतं, पण आमच्यातलं कुणीच ते लिहीना. दोघी स्वयंपाकघरात लादीवर बसून राहिलो, मध्ये फोन. कुकर लावायचा राहिला होता. दोन वाजता एक ओळ आली, सौदे मिटवले, बंद होतोय.

आता मी मुलुंडला परत आलेय. फोन काही विचारत नाही. एक वाजता मी पान वाढून घेते आणि झाकून ठेवते. रूपाली फोनवर ओरडते, "ताई, वेळेवर जेवत जा, गोळ्या आहेत तुम्हाला!" कळतं गं मला. पण दोनच्या आत माझ्याने घास उचलवत नाही. दोन वाजेपर्यंत तो आहे.