ताईच्या केसांतली मेंदी

नात पार्लरमधून केसांत मुद्दाम तांबडे पट्टे काढून आली आणि मला पंचावन्न सालची, अंधेरीच्या चाळीतली ती दुपार आठवली.

ताईला बघायला पाहुणे आले होते. तिचे केस अकाली पिकलेले, म्हणून सकाळी मीच घाईघाईनं मेंदी थापली होती. पोहे खाऊन झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "वेणी सोड गं जरा, केस बघू."

ताईनं वेणी सोडली. मेंदीचा ओला वास खोलीभर पसरला. केस कुठे नारिंगी, कुठे काळे, मानेशी तर पांढरेच!

"वय किती म्हणालात?" बाईंनी आईला विचारलं. मी रंगलेले तळवे फ्रॉकमागे लपवले.

"आजी, कसे दिसतात गं?" नात विचारत होती.

माझे हात आपोआप पदराखाली गेले.