तेवीस नंबरच्या वॉकरची जाहीर चौकशी

कोर्टात चौतीस वर्षं टायपिंग केलेल्या बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात रुग्णांना वस्तू वापरायला देणाऱ्या एका संस्थेत बिनपगारी जाऊ लागल्या. सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. संस्था म्हणजे दोन खोल्या. एकीत व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या; दुसरीत टेबल, संगणक आणि अध्यक्षांचे फोटो. वस्तू फुकट न्यायच्या आणि पाय बरा झाला की परत करायच्या. पाय बरे होत. वस्तू मात्र परत येत नसत.

समाजमाध्यमावर संस्थेचं पान होतं. त्यावर अध्यक्ष फीत कापताना, अध्यक्ष माइकसमोर, अध्यक्ष दुसऱ्या माइकसमोर. प्रत्येक फोटोला अकरा लाइक. सात कार्यकारिणीचे, चार अध्यक्षांच्या घरचे.

"तुम्हाला टायपिंग येतं," अध्यक्ष बाईंना म्हणाले. "तेव्हा वस्तू परत मागणारा मजकूर पानावर तुम्हीच लिहा."

बाईंनी बसल्या बैठकीला लिहून टाकलं : 'तमाम संबंधितांस कळविण्यात येते की, सदरहू साहित्य सात दिवसांचे आत जमा न केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' घरी येऊन नणंदेला मोठ्या हौसेने वाचून दाखवलं.

नणंद भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, हे वाचून कुणी वॉकर परत आणणार नाही. वकील गाठेल."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "मग कसं लिहू?"

"रोज जेवताना मला सांगता ना, तसं लिहा. त्या कंडक्टरची गंमत लिहा की!"

बाईंनी कंडक्टरला फोन करून विचारलं. गडी एका पायावर तयार. तसाही दुसरा पाय प्लास्टरमधून नुकताच सुटलेला. मग बाईंनी लिहिलं, की हे निवृत्त कंडक्टर सतरा नंबरचा वॉकर घेऊन गल्लीत उतरले आणि समोर चिटपाखरू नसताना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत कोपऱ्यापर्यंत गेले. महिन्याभराने वॉकर धुऊनपुसून परत. शेवटी दोन ओळी : 'बावीस, तेवीस आणि एकतीस नंबर अजून घरी आलेले नाहीत. पायावर लाल आकडा आहे. कुठे दिसले तर कळवा हो.'

दोन दिवसांत ते सहाशे जणांनी वाचलं. लोक वस्तू आणून देऊ लागले. एकाने दुसऱ्याच संस्थेच्या कुबड्या आणल्या. एक आजोबा बावीस नंबरच्या वॉकरवर टेकत टेकत तो परत करायला आले, सही केली आणि दारातच अडकले. घरी जायचं कसं? बाईंनी सही खोडली आणि वॉकर पुन्हा त्यांच्या हाती दिला.

आणि मग पोस्टखाली एक फोटो आला. गॅलरी, लाल आकडा तेवीस, वर तीन टॉवेल वाळत घातलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं : 'हा तुमच्या अध्यक्षांच्या घरी आहे.'

अध्यक्ष तणतणत आले. "बाई, तो फोटो काढून टाका!"

"काढते," बाई म्हणाल्या. "पण नऊशे जणांनी पाहिलाय. सगळ्यांच्या डोळ्यांतून कसा काढू?"

अध्यक्ष खुर्चीत बसले. घाम पुसला. "हिचं मागच्या वर्षी मांडीचं हाड मोडलं होतं. ती चालायला लागली त्या आनंदात विसरलोच हो मी."

"साहेब, हेच लिहू या ना."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "टॉवेलांचं लिहायलाच हवं का?"

"टॉवेलांसाठीच तर वाचतील."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष वॉकर खांद्यावर घेऊन चालत आले. माइक नाही, फीत नाही. बाईंनी त्यांचा तसाच फोटो घेतला आणि बायको चालू लागल्याच्या आनंदासकट, टॉवेलांसकट सगळं लिहिलं. विसरलेले पुष्कळ जण त्या पोस्टखाली भेटले. "आमच्या वॉकरवर कुंड्या आहेत," एकीने कबूल केलं. आठवडाभरात चौदा वस्तू परत आल्या.

त्याच आठवड्यात एक मुलगी वडिलांसाठी वॉकर मागायला आली. एरवी खोलीत वॉकर शिल्लकच नसे, बाई पत्ता लिहून घेऊन "कळवू" म्हणत. आज त्यांनी विचारलं, "बाबा उंच आहेत की बुटके?" आणि दोन वॉकर तिच्यासमोर उभे केले.