रज्जाकचं शहर

घराला रंग चालू आहे. सरस आणि चुन्याचा वास आला की मला टेंभुर्णीच्या नाटकाचा पडदा दिसतो.

रज्जाक पेंटरनं त्यावर कधी न पाह्यलेलं शहर काढलं होतं. पुढं उंच माड्या, मंग निमुळता होत गेलेला रस्ता, शेवटची घरं कमरेएवढी. लांबून बघितलं तर कोसभर खोल वाटायचं. नाटकात हरवलेल्या पोराला शोधणारा बाप मी झाल्तो. रज्जाक म्हणला, "मामू, पडद्यापासून दूर ऱ्हावा. जवळ गेलात की शहर मोडतं."

"कुठं उभं राह्यचं ते तू सांगणार मला?" मी म्हणलो.

रडायच्या जागी मी मुद्दाम मागं गेलो आणि शेवटच्या माडीला हात टेकला. पडदा हालला, सगळं शहर थरथरलं. कोणीतरी ओरडलं, "अण्णा, हळू! माडी पडंल!" डोळे पुसणारी माणसं हसत सुटली.

तवा वाटलं, माझी इज्जत गेली. आता शरम वाटते ती रज्जाकचा उतरलेला चेहरा आठवून. गावातल्या कोणीच तसं शहर पाह्यलं न्हवतं, तरी घटकाभर सगळे तिथं पोचल्ते. मी एकट्यानं त्यांना माघारी आणलं.