सुमनमावशी गादीवर बसली

सुमनमावशी कुणालाही भेटली की आधी त्याच्या कपड्याचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहायची. ओळख असो वा नसो. माझ्या ओढणीला तिने असाच हात घातला, तेव्हा मी नववीत होते आणि ती नवरा गेल्यावर मुलीला घेऊन कारंजा गावात आमच्या गल्लीत नुकतीच राहायला आली होती. "पानी लागलं का आटते हे," एवढंच म्हणाली आणि आईकडे चहा मागितला. त्या दिवसापासून ती आमची मावशी झाली.

ती शेलूबाजारजवळच्या एका खेड्यातल्या आमच्यासारख्याच बौद्ध वस्तीतली. लहानपणी वर्षातून एकदा कापड घ्यायला बाजारातल्या दुकानात जायची. दुकानात पांढऱ्या खोळीची गादी, गादीवर लोड, लोडाला टेकून शेठ. गावातल्या बाया आत सतरंजीवर बसायच्या आणि शेठ त्यांच्यापुढे थानामागून थान उलगडायचा. वस्तीतल्या बाया बाहेर पायरीवर. त्यांच्यासाठी फळीखाली हलक्या कापडाचा एक गठ्ठा वेगळा बांधून ठेवलेला असे. नोकर तो आणून पायरीवर सोडायचा. त्यातलं घ्यायचं. मावशीच्या लग्नाच्या वेळी तिच्या बापाने मजुरीचे पैसे साठवून नेले होते. वरच्या फळीवरचं हिरवं लुगडं तिने बोटाने दाखवलं. शेठ गोड आवाजात म्हणाला, "ते तुमच्या कामाचं नाही, बाई." आणि नोकराला गठ्ठ्याची खूण केली.

"शिवी नाई देल्ली त्यानं कदी," मावशी सांगायची. "गठ्ठा होता, मंग शिवी कायले लागते?"

म्हणून कारंज्यात एसटी स्टँडपासून थोड्या अंतरावर काचेची तीन मजली इमारत उभी राहिली आणि तिच्यावर 'मॉल' अशी अक्षरं चढली, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला आणि आईला ओढत नेणारी तीच. साड्यांच्या मजल्यावर ती एका टोकापासून निघाली आणि टांगलेल्या प्रत्येक साडीला हात लावत दुसऱ्या टोकाला पोचली. कामावरची मुलगी मागे मागे. "मावशी, काय दाखवू?"

"दाखवू नोको, माय. लोकाइनं दाखवलं थेच पाह्यलं आजवर. आता मी पाहून राह्यली."

काहीही न घेता आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर ती आईला म्हणाली, "कोनी हटकलं नाई व!" तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तेव्हा मला आवडला नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होते, पिशवीत कायम चळवळीची पत्रकं असायची, आणि मॉल म्हणजे काय हे मला पत्रकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण गठ्ठ्यातलं कापड मी कधी नेसले नव्हते.

पुढे त्याच मॉलमध्ये ती कामाला लागली. बायकांच्या ट्रायल रूमच्या दाराशी उभं राहायचं, आत किती कपडे नेले, बाहेर किती आले ते बघायचं, पडलेल्या घड्या घालायच्या. मुलगी प्रज्ञा अकोल्याला नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण या पगारावर चाललं होतं. नियम एकच कडक होता: ड्युटीवर बसायचं नाही. स्टूल नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच. कॅमेऱ्यात कुणी भिंतीला टेकलेलं दिसलं तरी ताकीद मिळायची. मावशीला साखरेचा आजार. संध्याकाळपर्यंत पाय सुजून चपलेचे पट्टे मांसात रुतायचे. दुपारी बाथरूममध्ये बादली पालथी घालून ती घडीभर बसायची आणि बाहेर कुणी आलं की आतून नळ सोडायची.

मी बसण्याच्या हक्कावर एक पत्रक लिहून कामावरच्या बायकांत वाटायला तिला दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि परत केलं.

"चांगलं लिवलं. पन मी नाई वाटत. प्रज्ञाचं शेवटलं वर्स हाय."

"मावशी, असं किती दिवस उभं राहशील?"

"थे पास होईलोक."

मॉलविषयी तिच्या मनात भाबडेपणा उरला नव्हता. पण जुन्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांवर तिचा खरा राग होता. आईच्या मोबाइलवर तसले मजकूर रोज यायचे: दुकानदार आपल्याला नावानं ओळखायचा, त्या व्यवहारात माणुसकी होती, मॉलने ती संपवली. आई वाचून दाखवायची आणि मावशी हातातलं काम थांबवायची. "नाव माईत होतं हे खरं हाय. म्हनूनच तं कोनासाठी कोनता गठ्ठा काहाळाचा थे त्याले माईत होतं. इथं माहं नाव कोनाले माईत नाई. थे बरं बी हाय, अन् वाईट बी हाय."

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पत्रकात याहून नेमकं काही नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर मॉलने तळमजल्यावर 'जुना बाजार' भरवायचं ठरवलं. बैलगाडीची चाकं आली, कंदील आले, आणि मधोमध एक जुनं कापड दुकान उभं केलं. पांढरी गादी, लोड, लाकडी फळ्या, खाली पायरी. मोबाइल विकणाऱ्या मुलाला धोतर-टोपी घालून शेठ केलं. लोकांनी तिथे फोटो काढायचे. मॅनेजर नागपूरचा, तरुण, बोलायला नम्र. त्याने मावशीला बोलावून सांगितलं, "मावशी, तुम्ही गावातली बाई. नऊवारी नेसून पायरीवर बसायचं. शेठ कापड दाखवेल, तुम्ही खूश होऊन बघायचं. तुम्ही एकदम ओरिजिनल दिसता."

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. "पायरीवर बस म्हनते."

"नाही म्हण," मी म्हणाले.

"नाई म्हनलं तं उद्यापासून घरी. अन् प्रज्ञाले काय सांगू? माय गठ्ठ्याच्या गोष्टीपायी घरी बसली म्हनून?"

मला जे बोलायचं होतं त्याने फी भरता येत नव्हती. मावशी आईचं नऊवारी लुगडं मागून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई मॉलमध्ये गेलो. मावशी पायरीवर बसलेली होती. गुडघे जवळ घेतलेले, नजर खाली. इतक्या महिन्यांत मॉलने तिला बसायला दिलेली ती पहिली जागा. लोक येत होते, शेठच्या शेजारी गादीवर बसून फोटो काढत होते. फोटोत खाली मावशीचं डोकं यायचं.

दुपारी एक निवृत्त गृहस्थ नातवंडांना घेऊन आले. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते खोटं नव्हतं. "बघा रे, असा होता आमचा बाजार. कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. सगळे एका घरासारखे." मग वाकून मावशीला म्हणाले, "काय मावशी, राहिले नाहीत ना ते दिवस?"

मावशीने वर पाहिलं. चपला काढल्या. एक हात पायरीवर टेकून उठली, गादीवर चढली, लोडाला पाठ लावली आणि सुजलेले दोन्ही पाय समोर पसरले.

"नाई राह्यले ना, बाप्पा. म्हनून तं वर बसली."

लोक हसले. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. कुणी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. शेठ झालेला मुलगा कुजबुजला, "मावशी, उतरा ना. साहेब येतील."

"तूच उतर, बाबू. जराक पायरीवर बसून पाह्य."

तो उतरला नाही, पण बाजूला सरकला. साहेब आले. गर्दीसमोर हसले, हात जोडले. मावशी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. मॉल बंद होताना तिला ऑफिसात बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका असं तितक्याच नम्रपणे सांगितलं. कारण: दिलेलं काम केलं नाही.

गल्लीत दोन दिवस तिचं कौतुक झालं. कौतुकाने अकोल्याच्या खोलीचं भाडं भरलं जात नव्हतं. दिवाळी झाली आणि ती कापूस वेचायला जाऊ लागली. सुजल्या पायांनी, पऱ्हाटीच्या ओळींतून. एका सकाळी वाळका खुंट चपलेतून तळव्यात घुसला. तिने हळद दाबली आणि वेचणी सोडली नाही. आजारामुळे पायाला दुखणं कळत नव्हतं; कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. अकोल्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापला. विष आधीच वर चढलं होतं.

प्रज्ञा रात्रंदिवस तिच्यापाशी होती, परीक्षेची पुस्तकं खाटेखाली. मी भेटायला गेले तेव्हा एक मसुदा घेऊन गेले. गादीवर चढलेल्या निर्भय बाईवर लिहिलेला. वाचून दाखवला. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"हे कोन बाई हाय व?"

"तूच की, मावशी."

"मी नाई. मले भेव वाटलं होतं, पोरी. हात थरथर कापत होते. लोकाइले दिसू नाई म्हनून मांडीखाली दाबून बसली होती दोनी हात. थे काहून नाई लिवलं?"

तिने माझ्या हातातला कागद धरला, बराच वेळ सोडला नाही.

"लय शूर बाई लिवशील, तं बाकीच्या बाया म्हनतीन, हे आपल्याच्यानं होत नाई. घाबरली होती असं लिव."

त्याच आठवड्यात ती गेली. तिच्यानंतर ट्रायल रूमच्या दाराशी दुसरी बाई उभी आहे. स्टूल अजून नाही. जुना बाजार पुढच्या दिवाळीतही भरला. गर्दी जास्त होती, असं ऐकते. तो मसुदा मी फाडला. ती सांगत होती तसं लिहायला मला इतके दिवस लागले.

सुमनमावशी घाबरली होती. हात मांडीखाली दाबून बसली होती. पण वर बसली होती.